एक तृतीयांश घोडा

विजेच्या दुचाक्या विकणारा दुकानदार गाडीत काय काय आहे हे सांगत बसत नाही. काय काय नाही, ते सांगतो. दाजींना घेऊन मी अशा एका दुकानात गेलो, तेव्हा त्याने एका दमात यादी म्हणून दाखवली. "काका, हिला लायसन नाही, पासिंग नाही, नंबरप्लेट नाही, टॅक्स नाही, इन्शुरन्स नाही, हेल्मेट नाही." उपनिषदांनी ब्रह्माचं वर्णन याच पद्धतीने केलंय. पण दाजी निवृत्त हेडक्लार्क. 'नाही' या शब्दाने दबून जाण्याचं त्यांचं वय कधीच उलटलंय. उलट नोकरीभर तो शब्द त्यांनी दुसऱ्यांनाच ऐकवलाय. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग हिला आहे काय?"

"चार्जर," दुकानदार म्हणाला.

दाजींचं लायसन संपून बराच काळ लोटला होता. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं आणि डॉक्टर आधी डोळे तपासतो, म्हणून ते आरटीओच्या रस्त्यानेही जात नव्हते. ज्या गाडीला लायसनच लागत नाही, ती म्हणजे त्यांना साक्षात देव पावला. समोर उभी होती ती मात्र चांगली धष्टपुष्ट स्कूटर. दोन आरसे, झगझगीत दिवा, लांबलचक सीट, खाली डिकी. मी म्हटलं, "ही मोटारगाडी नाही?"

"दिसायला आहे, साहेब. कायद्याने नाही."

आणि तो खोटं बोलत नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे आणि तिला एक परंतुक जोडलेलं आहे. (आपला कायदा नेहमी परंतुकात राहतो. मूळ कलम म्हणजे पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेला दिवाणखाना.) मोटरची तीस मिनिटांची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, ब्रेक बरे, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, एवढं जमलं आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसं लिहून दिलं की ते वाहन 'मोटार वाहन' समजायचं नाही. अशा संस्थांपैकी एक पुण्यातच आहे, एआरएआय. पुणेकर तिला ओळखतात ते तिचं नाव पडलेल्या टेकडीमुळे. तिथे सकाळी पाय मोकळे करायला जातात. म्हणजे ही गाडी मोटार नाही हा दाखला मिळवायचा, तर तो मोटारींवर संशोधन करणाऱ्या संस्थेकडून. हे मला फार आवडलं. अमुक गृहस्थ ब्राह्मण नाहीत असं शंकराचार्यांनी लिहून द्यावं, तर ते शंभर टक्के खरंच असणार.

त्यात ती 'तीस मिनिटांची शक्ती' ही एक बहारदार कल्पना आहे. मोटर अर्धा तास न थकता सलग जेवढा जोर देऊ शकते, तेवढाच तिचा जोर धरायचा. सुरुवातीच्या दोन मिनिटांत तिने किती उड्या मारल्या ते विचारायचं नाही. हाच निकष एक जानेवारीला व्यायाम सुरू करणाऱ्यांना लावला तर निम्मे जिमखाने बंद पडतील. गाड्या बनवणाऱ्यांना मात्र हे परंतुकातलं पोटपरंतुक बरोबर सापडलं. कागदावर अडीचशे वॉट. चढ आला की मोटर घटकाभर त्याहून बरीच जास्त ताकद लावते आणि पुन्हा सज्जनासारखी खाली येते. चढावर तीस मिनिटं कोण घालवतो?

एक अश्वशक्ती म्हणजे साधारण 746 वॉट. तेव्हा आपल्या कायद्याने गाडीला बिनलायसनी दिलाय तो एक तृतीयांश घोडा. युरोपनेही तेवढाच दिलाय. अमेरिकेने 2002 साली केंद्रीय कायदा करून 750 वॉटपर्यंतच्या गाडीला सायकल मानलं, म्हणजे तिथे अख्खा घोडा. पण त्या कायद्यात एक वाक्य असं आहे की, ते लिहिणाऱ्याला मी प्रत्यक्ष भेटून नमस्कार करीन. नुसत्या मोटरवर गाडीचा वेग ताशी 20 मैलांच्या आत हवा आणि तो मोजताना गाडीवर 170 पौंडांचा माणूस बसलेला हवा! 170 पौंड म्हणजे 77 किलो. अमेरिकेच्या संसदेने हा सडपातळ अमेरिकन कुठून पैदा केला ते ठाऊक नाही. पण तत्त्व चोख आहे. स्वार जाडा असेल तर गाडी हळू जाते, आणि मग ती सायकल आहे की मोटारसायकल हे स्वाराच्या नाश्त्यावर ठरू लागतं. आमचे नियम या भानगडीत पडत नाहीत. ते गाडीचं वजन बॅटरी सोडून धरतात, स्वाराचं धरतच नाहीत. म्हणून साठ किलोच्या गाडीवर शहाण्णव किलोचे दाजी बसू शकले.

चीनने आणखी वेगळी वाट धरली. 2019 पासून लागू झालेल्या तिथल्या मानकात विजेच्या सायकलीला पायडल असलंच पाहिजे, असं होतं. पायडल आलं. त्याला पाय लावायला कुणी आलं नाही. बसणाऱ्याच्या पोटऱ्यांना खरचटण्यापलीकडे त्या पायडलाचं दुसरं कार्य दिसेना, तेव्हा 2025 पासूनच्या नव्या मानकात ती सक्ती गेली.

पण खरी गंमत आपल्याकडेच आहे, आणि ती आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. पंचविसाच्या आत असाल तर सरकार म्हणतं, तुम्ही आमचे कुणी नाही, जा, सुखी राहा. दुसऱ्या बाजूला 2019 ते 2024 'फेम' नावाच्या योजनेचा दुसरा टप्पा चालू होता. त्यात दुचाकीला अनुदान हवं असेल तर तिचा कमाल वेग निदान ताशी 40 किलोमीटर आणि एका चार्जिंगमध्ये पल्ला निदान 80 किलोमीटर हवा होता. म्हणजे चाळीसच्या वर गेलात तर सरकार पैसे देत होतं. मग सव्वीस ते एकोणचाळीस जाणाऱ्याने काय पाप केलं? त्याला लायसन हवं, नंबरप्लेट हवी, विमा हवा, हेल्मेट हवं आणि अनुदान मात्र नव्हतं. विश्वामित्राने त्रिशंकूला जिथे टांगलं होतं, तिथला वेग ताशी तेहेतीस किलोमीटर असावा.

साहजिकच कारखानदार एक तर पंचविसाच्या अलीकडे थांबले किंवा चाळिसाच्या पलीकडे गेले. पलीकडे गेलेल्यांना आणखी एक अट होती: अनुदानासाठी गाडीची कारखान्यातली किंमत दीड लाखाच्या वर नको. मग काही कंपन्यांनी चार्जरची किंमत गाडीत धरलीच नाही. तो वेगळा विकला, हौसेची वस्तू म्हणून. विजेवर चालणाऱ्या गाडीला वीज पुरवणं ही ज्याची त्याची आवड! 2023 मध्ये हे सरकारच्या लक्षात आलं आणि कंपन्यांना गिऱ्हाइकांचे चार्जरचे पैसे परत करावे लागले. आमचा दुकानदार 'हिला चार्जर आहे' असं छाती फुगवून का सांगत होता, ते मला हे वाचल्यावर कळलं.

राज्य सरकारही औदार्यात मागे नाही. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणात विजेच्या मोटारींना आणि बसगाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू इथे टोलमाफी आहे. दाजींनी ही बातमी कापून ठेवली होती. या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला प्रवेशच नाही, हे मी त्यांना हळूच सांगितलं. "म्हणजे आपला टोल आधीपासूनच माफ आहे," ते म्हणाले. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला निराश करणं सोपं नसतं.

गाडी पसंत पडली, पैसे दिले, आणि मग दुकानदाराने खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणला. "काका, लॉक काढून देऊ? एक वायर आहे फक्त. पंचेचाळीस जाते."

या वायरीचं मला फार कुतूहल आहे. देशभरच्या मोटार वाहन कायद्याची सगळी इमारत या एका वायरीवर उभी आहे. ती जागेवर असेल तोवर दाजी पादचाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या निरागस जगात आहेत. ती निघाली की ते लायसन नसलेले, विमा नसलेले, नोंदणी नसलेले आणि हेल्मेट नसलेले एक सराईत गुन्हेगार. मधे कुठली पायरीच नाही. आणि वायर निघालीय हे बाहेरून दिसत नाही. 2022 च्या उन्हाळ्यात राज्याच्या परिवहन विभागाने अशा वायरी काढलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा रातोरात पुष्कळ वायरी परत जागेवर गेल्या म्हणतात.

कायद्यात याला शिक्षाही आहे. मोटार वाहनात परवानगीशिवाय फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. विकणाऱ्याला आणखी वरचं, वर्षभरापर्यंत कैद किंवा गाडीमागे लाखाचा दंड किंवा दोन्ही. दाजींनी हे कलम चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. "पण मोटार वाहनात फेरफार केला तर ना? मी फेरफार केला तेव्हा ते मोटार वाहन नव्हतंच. फेरफार केल्यामुळे ते मोटार वाहन झालं. झाल्यावर मी त्याला हातही लावला नाही. सांगा, गुन्हा कुठल्या क्षणी घडला?" मी म्हटलं, न्यायाधीशांना विचारू. त्यांनी वायर राहू दिली. तर्काने जिंकता येईल पण तारखा फार पडतील, एवढा हिशेब त्यांना होता.

रस्त्यावर मात्र हा सगळा कायदा एका माणसाला राबवायचाय. तो म्हणजे चौकातला मामा. त्याच्याकडे ना वॉट मोजायचं यंत्र, ना अर्धा तास वेळ. एके दिवशी सिग्नलला एका पोराला त्याने थांबवलेलं मी पाहिलं. नंबरप्लेट नव्हती.

"नंबर कुठंय?"

"सायकल आहे, मामा."

"सायकल? घंटी वाजव."

पोराने हॉर्न वाजवला. पलीकडच्या चौकातल्या बसने वाट दिली.

"पायडल मार."

"पायडल नाही, मामा. सायकल आहे, पण पायडल नाही. बॅटरीची आहे."

"मग पळत पळत ढकल. मी बघतो किती जाते."

मामाने तीन कसोट्या लावल्या, आणि केंद्रीय नियमांत यांतली एकही नाही. तरी मी त्याच्या बाजूचा आहे. ज्याला सायकल ओळखायची आहे त्याने घंटी आणि पायडल बघू नये तर काय तीस मिनिटांची शक्ती बघावी? आणि वेगाचं म्हणाल, तर संध्याकाळी साडेसहाला लक्ष्मी रोडवर मर्सिडीजसुद्धा पंचविसाच्या पुष्कळ आतच असते. उलट पायाने मारायच्या सायकलीला ही मर्यादा लागूच नाही. कात्रजचा उतार असला आणि मांड्यांत दम असला तर माणूस चाळीसने जावो की पन्नासने, तो सायकलस्वारच. तंग कपडे घातलेले काही तरुण-तरुणी पाषाणच्या रस्त्याला दाजींना रोज घंटी वाजवून मागे टाकतात. दाजींचा घोडा तेवढा एक तृतीयांश; त्या मंडळींनी बहुतेक अर्धा कमावलाय.

ही गाडी नेमकी कोण, याचं उत्तर विचारणारा कोण आहे त्यावर ठरतं, असं माझं आता मत झालंय. मामाने विचारलं तर सायकल. लग्न जमवणाऱ्याने विचारलं तर टू-व्हीलर. सोसायटीच्या सेक्रेटरीने पार्किंगचे पैसे मागितले तर सायकल. आणि सायकली जिन्याखाली कोंबायच्या असा ठराव आला की, तीच लगेच महागडी स्कूटर. सेक्रेटरींचा स्वतःचा वेगळा कायदा आहे. 2022 साली गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. आमच्याकडे त्याची अंमलबजावणी 'चार्जिंग करताना मालकाने गाडीशेजारी खुर्ची टाकून बसावे' अशी झाली. दाजींची संध्याकाळ त्यात बरी जाते.

सर्वांत सफाईदार उत्तर देतात ते क्लासला जाणाऱ्या पोरांचे आईबाप. मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षांच्या मुलामुलीला पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन मिळू शकतं. अडचण एवढीच की, तशी नवी गाडी बाजारात शोधून सापडत नाही. लुनाच्या जमान्यात केलेली ती सोय आहे. लुना गेली, सोय राहिली. मग तेच लायसन खिशात घालून पोरं एकशेदहा सीसीवर हिंडतात. सापडलं तर काय, हे 2019 पासून कायद्याने फार खणखणीत सांगितलंय: अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. हे कळल्यावर बापाला एकदम पर्यावरणाची काळजी वाटू लागते आणि घरी बॅटरीची गाडी येते. तिला लायसन नाही, म्हणून वयही नाही. आमच्या मजल्यावरच्या वहिनी परवा सांगत होत्या, "नाही हो, आम्ही तिला गाडी बिडी मुळीच दिलेली नाही. अकरावीत कसली गाडी? ही सायकलच आहे. फक्त मारावी लागत नाही." तेवढ्यात ती 'सायकल' दोन मैत्रिणींना मागे बसवून फाटकातून सूं करून गेली. वायर कुठे होती, देव जाणे.

खऱ्याखुऱ्या सायकलीला मात्र एके काळी पुण्यात असली माफी नव्हती. नगरपालिकेचा कर भरून पत्र्याचा बिल्ला लावायचा, रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडणार आणि डबलसीट दिसलात तर दंड. सायकलने इतकी वर्षं कायद्याचा इतका जाच सोसला की, तिच्या पुण्याईवर आज ही अडीचशे वॉटची मंडळी फुकट जगतायत.

त्या डबलसीटच्या दंडाची आठवण असलेल्या पिढीला 2025 हे वर्ष बघायला मिळालं, हे मात्र भाग्य. 2023 च्या जानेवारीत राज्य सरकारने खासगी दुचाकीवर भाड्याने माणूस नेण्याला मनाई केली होती. 2025 च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने बाइक टॅक्सीला मान्यता दिली, पण फक्त विजेच्या. लाखाच्या वर लोकवस्तीच्या शहरांत चालवायची, कंपनीकडे निदान पन्नास गाड्या हव्यात, फेरी पंधरा किलोमीटरपर्यंत. हे सगळं समजण्यासारखं आहे. पण परिवहनमंत्र्यांनी त्या वेळी आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: चालक आणि मागे बसणारा यांच्यामध्ये पार्टिशन असेल, आणि पावसात प्रवासी भिजू नये म्हणून वर आच्छादन असेल.

दुचाकीवर पार्टिशन! मी कागदावर चित्र काढून पाहिलं. चालकाची पाठ संपते आणि प्रवाशाचं पोट सुरू होतं तिथे एक फळी. ब्रेक दाबला की प्रवाशाचं नाक त्या फळीवर. वर छप्पर, म्हणजे वारा आला की गाडी गलबताच्या जातीत गेली. तिचं पासिंग बंदर खात्याकडे. दाजींना चित्र दाखवलं. त्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "याला आपण पूर्वी रिक्षा म्हणायचो. एक चाक कमी पडलंय एवढंच."

भाडं ठरवणाऱ्यांनी तर कमालच केली. मुंबईसाठी पहिल्या दीड किलोमीटरला 15 रुपये आणि पुढे दर किलोमीटरला 10 रुपये 27 पैसे. सव्वादहा नाही, साडेदहा नाही. दहा सत्तावीस. कुणीतरी वीज, टायर, विमा, घसारा असं सगळं मांडून रात्र जागवून हा आकडा काढला असणार आणि सकाळी त्यातला एकही पैसा सोडायला त्याचं मन झालं नसणार. आता अडीच किलोमीटर गेलात तर होतात 25 रुपये 27 पैसे. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली आहेत, त्यामुळे सत्तावीस पैसे रोख देणं या देशात शक्य नाही. पन्नास पैशांचं नाणं मात्र कायद्याने अजून चालतं. ते कुठे मिळालं तर चालकाच्या हातावर ठेवायचं आणि पार्टिशनवर टकटक करून तेवीस पैसे परत मागायचे. नारायण पेठेतून कुणी मुंबईला गेलं असेल, तर बहुतेक मागूनही झाले असतील.